रावस, विळी आणि अमेरिकेहून आलेली सुरी

"ताई, मी ऐरोलीला राहते, वय ३१. दोन वर्षांपासून घरून फिश फिंगर आणि बोनलेस फ्रायच्या ऑर्डरी घेते. बुधवार, शुक्रवार, रविवार, प्रत्येक वेळी आठ-दहा किलो मासा होतो. बहुतेक रावस, कधी सुरमई, आणि सोसायटीतल्या बंगाली कुटुंबांसाठी रोहू. आतापर्यंत निम्मं काम सासूबाई विळीवर करायच्या, निम्मं मी साध्या सुरीने. आता त्यांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही आणि माझा उजवा अंगठा मनगटापाशी दुखतो. गेल्या महिन्यात न्यू जर्सीहून दीर आले, त्यांनी मासे कापायची इलेक्ट्रिक सुरी आणली. तिकडे तळ्यावर मासे धरायला जातात तेव्हा ते हीच वापरतात, म्हणे बघता बघता बादली रिकामी. सासूबाई म्हणतात, ती घरघर माझ्या ओट्यावर नको, माशाचा चुरा होईल. दीर म्हणतात, वहिनी, जग कुठे गेलं आणि तुम्ही अजून विळीवरच! मी खोका अजून उघडलेला नाही. वापरू की नको? – प., ऐरोली"

प्रिय प.,

खोका उघडला नाहीस ते बरं केलंस. आता उघड, पण प्लग लावू नकोस. आधी सुरीच्या मुठीवर किंवा चार्जरवर बारीक अक्षरांत काय छापलंय ते चष्मा लावून वाच. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०ची. चार्जरवर '१००-२४० व्होल्ट' असं असेल तर काळजी नाही, फक्त आपल्या भोकांत बसणारी पिन लागेल. पण वायरवाली सुरी असेल आणि नुसतं '१२० व्होल्ट' लिहिलेलं असेल, तर ती थेट लावलीस की मोटर जळणार. दुकानात मिळणारी ती छोटी पिन फक्त प्लगचा आकार बदलते, व्होल्टेज नाही. यात भलेभले फसतात. अशा सुरीला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो जड ठोकळा ओल्या ओट्यावर मांडून मासे कापायचे हे मला तरी पटत नाही. तसं निघालं तर तुझा प्रश्न इथेच मिटला. दिरांना परत जाताना सुरी प्रेमाने बॅगेत घालून दे.

ती चालणारी निघाली असं धरून पुढचं लिहिते.

तुझे दीर आणि सासूबाई, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त दोघांच्या डोळ्यांसमोरचा मासा वेगळा आहे. तिकडच्या तळ्यांत क्रॅपी, पर्च, वॉलआय असले मासे गळाला लागतात. एका दिवशी एका जातीचे, जवळपास एका मापाचे, आणि डझनांनी. त्यांना माशाचं डोकं नको, काटा नको, कालवण नको. कल्ल्यामागे सुरी टेकवायची, मधल्या काट्यावरून शेपटीपर्यंत न्यायची, बाजू उलटून कातडी सोडवायची, उरलेलं फेकून द्यायचं. तीस-चाळीस माशांना हीच एक हालचाल. अशा कामाला मोटर हवीच. सासूबाईंच्या विळीवर मात्र सकाळी बोंबील, मग पापलेट, मग कोलंबी, मग सुरमईच्या तुकड्या. प्रत्येकाचा हात वेगळा. बोंबलावर ती मशीन चालवलीस तर सासूबाई म्हणतात तसा चुराच होईल. त्याच्यात पाणीच इतकं, की त्याला नुसतं चिरून, मधला काटा ओढून, वजनाखाली दाबून ठेवावं लागतं. पापलेटच्या नरम काट्याला तर मशीनची गरजच नाही.

ही सुरी आतून कशी असते तेही बघ. दोन दातेरी पाती एकमेकांना चिकटून बसवलेली असतात आणि मोटर त्यांना उलटसुलट दिशेने पुढेमागे हलवते. एक पुढे जातं तेव्हा दुसरं मागे येतं. म्हणून ती ओढावी लागत नाही, नुसती टेकवून पुढे न्यायची. पाव, फोम, भाजलेलं मांस सगळं सारख्याच सहजतेने कापते. गादीवाले फोम कापायला अशीच सुरी वापरतात. आणि तुझ्या कामातली अडचण तीच आहे: तिला पाव काय, मांस काय आणि काटा काय, सगळं सारखंच.

साधी सुरी मधल्या काट्यावरून सरकते तेव्हा बोटांना बारीक खरखर लागते. टोक मणक्याच्या एकेका कण्यावरून टकटक करत जातं. सुरी जरा वर गेली तर खरखर थांबते, म्हणजे मांस काट्यावर राहतंय. जरा खाली गेली तर अडते, म्हणजे काटा कापला जातोय. हात तिथल्या तिथे सुधारतो, डोक्याला विचारत नाही. मशीनच्या मुठीत हे सगळं मोटरच्या थरथरीत बुडून जातं. ती पोटाच्या बरगड्यांतून लोण्यातून जावी तशी जाते आणि त्या बरगड्यांचे बारीक तुकडे फिलेतच, म्हणजे काट्यावरून सोडवलेल्या मांसाच्या सपाट पट्टीतच, राहतात. अमेरिकन माणूस ते नंतर साध्या सुरीने कापून काढतो. तुझे दीरही काढत असणार, सांगायला विसरले एवढंच. तू विकतेस फिश फिंगर, आणि त्या खाणार बहुतेक पोरंटोरं. आई 'बोनलेस' वाचून निश्चिंत असते. तुझ्यासाठी प्रश्न वेगाचा नाही, त्या एका काट्याचा आहे.

माझीही एक फजिती सांगते. भाच्याने मला अशीच एक सुरी भेट दिली होती. मी हौसेने ठाणे स्टेशनजवळच्या बाजारातून दोन किलोचा रावस आणला, अख्खा, पोटही न काढता, कारण व्हिडिओतला माणूस पोट न काढताच कापत होता. पहिली बाजू झकास निघाली. मला वाटलं, इतकी वर्षं आपण उगाच मेहनत केली. दुसऱ्या बाजूला बोट बटणावर जरा जास्त वेळ राहिलं आणि टोक पोटात घुसलं. बघितलं तर फिलेच्या कडेला हिरवट पिवळा ओघळ. पित्ताची पिशवी फुटली होती. धुतलं, मीठ लावलं, लिंबू चोळलं. घरच्यांनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं. चूक सगळी माझी होती, सुरीची नव्हती, पण साध्या सुरीने माझ्याकडून ती कधी झाली नव्हती.

आता विळीबद्दल, कारण सासूबाईंचं म्हणणं मला हसण्यावारी न्यायचं नाही. विळीवर पातं जागचं हलत नाही, मासा फिरतो. दोन्ही हात माशावर. काटा कुठे आहे हे दोन्ही हातांच्या दहा बोटांना कळत असतं. बंगाल्यांची बोंटी तशीच. तुझ्या रोहूच्या गिऱ्हाइकांना विचार, त्यांच्याही घरात आजी तिच्यावरच बसायची. सुरीत उलट: मासा फळीवर पडलेला, पातं फिरतं, आणि माशावर एकच हात. म्हणून चाळीस वर्षं विळीवर बसलेल्या बाईच्या हाती सुरी दिली की ती अवघडते आणि तिला वाटतं सुरीच वाईट. त्यांना सुरी शिकवायला जाऊ नकोस. खाली बसवत नसेल तर विळी भक्कम टेबलावर मांडून, उभ्याने किंवा स्टुलावर बसून काम होतं का ते त्यांच्याकडूनच ठरवून घे. काही विळ्या टेबलाला स्क्रूने आवळून बसवता येतात. विळी कधी हलत्या टेबलावर ठेवायची नाही, इतकं त्या तुला सांगतीलच.

तुझ्या अंगठ्याचं दुखणं मात्र मला मशीनच्या अभावाचं वाटत नाही. तू कोणत्या सुरीने कापतेस ते लिहिलं नाहीस, पण पैजेवर सांगते, भाजीची जाड सुरी आहे आणि तिला धार नाही. बोथट सुरी मासा कापत नाही, दाबते. तो दाब अंगठ्याच्या बुडातून जातो, आठवड्यातून तीनदा, दहा-दहा किलोवर. आधी एक फिलेची सुरी घे. पातं सात इंच, अरुंद, पातळ. टोक फळीवर दाबलं तर वाकलं पाहिजे. मोठ्या सुरमईला आठ-नऊ इंचाची लागते, पण सुरुवातीला एकच पुरे. सोबत हजार ग्रिटचा धारेचा दगड (ग्रिट म्हणजे दगडाचा दाणा किती बारीक त्याचा आकडा). दगड पाण्याने ओला करायचा, पात्याची पाठ तीन नाण्यांच्या थराएवढी वर उचलायची, आणि टाचेपासून टोकापर्यंत न दाबता फिरवायचं. दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक कोर लागली की बाजू बदलायची. टोमॅटोवर नुसतं टेकवून ओढल्यावर साल कापली गेली तर धार लागली. दारावर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याला ही सुरी देऊ नकोस. त्याचं चाक कोयत्याला ठीक, पातळ पातं मात्र तापवून खाऊन टाकतं. (विळीचं पातं त्याला खुशाल दे, त्याची मजुरी आणि त्याच्या गप्पा दोन्ही वाया जात नाहीत.) नवी धार लावूनही पंधरा-वीस दिवसांत अंगठा बरा नाही वाटला तर हाडांच्या डॉक्टरला दाखव, ओढून नेऊ नकोस. आणि हे लक्षात ठेव, मशीनची थरथर दुखऱ्या मनगटाला काही फार मानवत नाही. तीही घट्ट धरावी लागते.

रावस सुरीने असा कर. कोळीवाड्यातल्या मावशीकडून खवले आणि पोट काढून घे, पण तिने कोयता उचलायच्या आधी ओरड, 'तुकड्या नको, अख्खा दे!' तिचा हात आपल्या तोंडापेक्षा वेगवान असतो. घरी आणून मासा पुसून कोरडा कर आणि वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेव. गोठवायचा नाही, नुसता कडक व्हायला हवा. फळीखाली ओलं फडकं अंथर, म्हणजे ती सरकणार नाही. कल्ल्यामागे तिरपा काप घे, मधला काटा लागेपर्यंत, त्याच्या पुढे नाही. मग पाठीच्या पराच्या कडेने लांब काप, आधी उथळ, मग दुसऱ्या फेरीत खोल, टोक काट्याला टेकवून. मांस डाव्या हाताने हलकं उचलत जा. बरगड्यांपाशी आलीस की त्यांच्यातून जाऊ नकोस. पातं आडवं करून त्यांच्या वरून सरकव, कागदाचा पापुद्रा सोडवावा तसं. कातडी काढताना शेपटीकडचं टोक मिठाच्या बोटांनी धर, म्हणजे निसटणार नाही, सुरी आडवी टेकव आणि सुरी पुढे न ढकलता कातडीच डावी-उजवी करत मागे ओढ. शेवटी तर्जनीचं टोक फिलेवरून डोक्याकडून शेपटीकडे आणि उलट फिरव. पुढच्या अर्ध्या भागात एका ओळीत काट्यांची टोकं टोचतील. चिमट्याने ज्या दिशेने ती आडवी झुकलीत त्याच दिशेला ओढायची, सरळ वर उपटली की मांस फाटतं.

पहिले चार रावस एकेकाला पंधरा मिनिटं लागतील. दहावा पाचात होईल.

दहा किलो रावसातून निम्म्याच्या आसपास फिले निघेल असं धरून भाव लाव. गिऱ्हाईक अख्ख्या माशाचा बाजारभाव मनात धरून येतं आणि 'एवढे?' म्हणतं, त्याला डोकी आणि मधले काटे दाखव. ते फेकू नकोस. डोक्याचं कालवण तुझ्या फिश फिंगरपेक्षा मला जास्त आवडतं, आणि सासूबाईंनाही आवडत असणार.

थोडं उन्हाबद्दल. दहा किलो मासा एकदम ओट्यावर मांडू नकोस. बर्फातून दोन काढ, ते संपले की पुढचे दोन. सुरमई आणि बांगडा उबेत पडले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते तळूनही जात नाही. खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात आणि दोष मसाल्यावर जातो. घरगुती व्यवसायासाठी एफएसएसएआयची नोंदणी केली नसशील तर तेही उरकून टाक.

मग मशीन कधी? आहे तिलाही जागा. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते. त्या दिवसांत रावस मिळाला तरी परवडत नाही आणि तू बहुधा तिलापिया किंवा बासाकडे वळत असशील. तळ्यात वाढवलेले, एका मापाचे, एकाच जातीचे पंधरा-वीस मासे. म्हणजे दिरांचीच बादली की! तिथे ती सुरी चालव. मात्र सुरीने हात बसल्यावरच, आधी नाही. काटा कुठे असतो हे हाताला माहीत झालं की मशीनची थरथर असूनही अंदाज चुकत नाही.

चालवताना पोट आधी साफ केलेलं असू दे, माझ्यासारखं करू नकोस. कल्ल्यामागचा पहिला काप साध्या सुरीनेच घे. पातं मधल्या काट्याला समांतर झाल्यावरच बटण दाब, आणि बरगड्या लागल्या की त्यातून जाऊ दे. नंतर फिले उलटून त्या भागाची पट्टीच साध्या सुरीने कापून काढ. थोडं मांस वाया जातं, पण काटा जात नाही पोराच्या घशात. शेपटीच्या बोटभर आधी थांब, फिले पलट, कातडीवरून पातं परत आण. डावा तळहात नेहमी पात्याच्या मागे, पुढे कधीच नाही. 'कापत नाहीत' म्हणून विकले जाणारे हातमोजे साध्या सुरीसाठी ठीक. चालत्या दातेरी पात्यापुढे त्यांच्यावर विसंबू नकोस. पाती काढताना प्लग किंवा बॅटरी आधी बाजूला. पाती साबणाने धुवायची, मूठ नुसती ओल्या फडक्याने पुसायची, नळाखाली धरायची नाही. त्या पात्यांना घरी धार लागत नाही, बोथट झाली की जोडीच बदलायची, आणि ती जोडी इथे मिळते का हे आजच बघून ठेव. न्यू जर्सीतून दरवर्षी कोण आणणार?

रोहूचं मात्र कोणत्याच सुरीने जमणार नाही. त्याच्या मांसातच इंग्रजी वाय अक्षरासारखे दुफाटी काटे विखुरलेले असतात, ते मधल्या काट्याला जोडलेले नसतात. फिले काढलीस तरी ते आतच राहतात. बंगाली माणूस ते जिभेने वेगळे करत झोल खातो, त्याला बोनलेस रोहू नकोच असतो. त्यांना सरळ तुकड्या करून दे. आणि तू रोहूच्या फिश फिंगर करून कुणा मराठी पोराच्या डब्यात देत असशील तर आजपासून थांबव.

घरातल्या भांडणाबद्दल तू विचारलं नाहीस, पण पत्राच्या दोन ओळींत ते दिसतंच. 'माझ्या ओट्यावर नको' यातला जोर मशीनवर नाही, 'माझ्या'वर आहे. गुडघे गेले, विळी सुटली, आता ओटाही गेला असं त्यांना वाटू नये. पहिल्या दिवशी नवी सुरी घेऊन तू एकटी उभी राहू नकोस. त्यांना शेजारी खुर्चीवर बसव आणि निघालेली प्रत्येक फिले त्यांच्या हाती दे. चाळीस वर्षांच्या बोटांना राहिलेला काटा तुझ्या आधी सापडेल. ते काम ना तुझी सुरी करू शकते ना दिरांची, आणि पहिला काटा त्यांनी काढून दाखवला की तुमच्या ओट्यावर काय चालावं हे त्या स्वतःच ठरवतील.

दिरांना सांग, पुढच्या खेपेला येताना काही आणायचंच असेल तर चांगला धारेचा दगड आणा. त्याला व्होल्टेज बघावं लागत नाही.

तुझी,
ताई